कुंपणच शेत खातं तेव्हा...

"ताई, सकाळी बोटंच मिटत नाहीत. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं." भोकरदनजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक संपल्यावर ती हळूच म्हणाली. वय अवघं बत्तीस. सासूबाईंच्या मते कामाचा कंटाळा, शेजारणीच्या मते आंबट खाल्ल्याचा परिणाम. दोन वर्षं अशीच गेली. शेवटी मीच तिला जालन्याला नेलं. निदान झालं, 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस', संधिवाताचा एक प्रकार.

डॉक्टर म्हणाले, "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उठल्यात." म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं! पण का? मी आर्ट्सची पदवीधर, तरी वाचत गेले.

रक्तातल्या या राखणदार टी-पेशींना आवर घालणाऱ्याही काही टी-पेशी असतात, 'रेग्युलेटरी टी-सेल'. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या उंदरांत दाखवून दिल्या. या पेशी वगळून बाकीच्या टी-पेशी टोचल्या, तर उंदीर आजारी पडले. वगळलेल्या पेशी परत दिल्या, तर आजार टळला. या संशोधनासाठी त्यांना २०२५ चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं.

पण दिसायला सारख्याच असलेल्या पेशी निवडायच्या कशा? आपलं जालना बियाण्यांचं गाव, निवडणं-पाखडणं आपल्याला नवं नाही. 'सेल सॉर्टिंग' हे तसंच काम. हव्या त्या पेशींना चमकणाऱ्या रंगाची खूण चिकटवतात. एकेक पेशी लेझरच्या उजेडासमोरून जाते. खूण चमकली, की तिच्या थेंबाला विजेचा भार देऊन वेगळ्या नळीत वळवतात. सेकंदाला हजारो पेशी! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही अशी यंत्रं आहेत.

निवडलेल्या पेशी मग इतर पेशींसोबत ठेवून त्या आवर घालतात का, हे पाहतात. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांना याच आजाराच्या रुग्णांत आढळलं, की या पेशी होत्या, पण त्यांचा धाक पुरेसा उरला नव्हता.

या पेशींवर आधारलेल्या उपचारांच्या चाचण्या अजून चालू आहेत. पण आजची औषधंही वेळेवर घेतली तर सांधे वाचतात. आमची ही मैत्रीण नियमित गोळ्या घेते, भाकरी पुन्हा थापते. हरवलेली दोन वर्षं मात्र परत येत नाहीत, एक बोट वाकडं राहिलंच.

मैत्रिणींनो, हे आजार बायकांतच जास्त. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि घरातली सून "हात दुखतात" म्हणाली, तर आधी तिचा हात हातात घेऊन पाहा.