पामर नावाचा साहेब खरंच पामर होता का?



शाळेच्या इतिहासात नाना फडणीसांचा मृत्यू आला की मागोमाग एका इंग्रजाचं नाव येतंच. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. त्या वेळी पुण्याच्या दरबारात कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेल्या कर्नल पामरने वर कळवलं, की मराठी राज्यातला शहाणपणा आणि नेमस्तपणा नानांबरोबरच गेला. हे वाक्य परीक्षेत लिहून आपल्यापैकी पुष्कळांनी गुण मिळवले असतील. पण वर्गात हसू फुटायचं ते त्या नावाला. आपल्याकडे पामर म्हणजे क्षुद्र, दीन माणूस. संतमंडळी देवापुढे स्वतःला पामर म्हणवतात. आणि इथे पेशव्यांच्या दरबारातला साहेब पामर!

आम्हा हैदराबादकरांना हे नाव दुसऱ्यांदा भेटतं. या कर्नलचाच एक मुलगा, विल्यम पामर, आपल्या शहरात सावकारी पेढी चालवत होता आणि एके काळी निजामाचं सरकार त्याचं कर्जदार होतं. उभा जन्म कर्जखाती तपासण्यात गेलेल्या आमच्यासारख्यांना या पेढीबद्दल कुतूहल असणारच. पण आधी नावाचा उलगडा करू, कारण त्यात गंमतही आहे आणि थोडी सावधगिरीची गोष्टही आहे.

आपला 'पामर' आणि त्यांचा 'पामर' यांचा काडीचाही संबंध नाही. आपला शब्द संस्कृतातला. त्यांच्या शब्दात मध्ये 'ल' लिहितात, पण उच्चारत नाहीत, म्हणून आपल्या कानाला तो 'पामर' ऐकू आला. (एल्फिन्स्टनचा 'अल्पिष्टन' करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे नाव तर बरंच सरळ लिहिलं म्हणायचं.) लॅटिन भाषेत 'पाल्मा' म्हणजे तळहात. ताडा-माडाच्या जातीच्या झाडाचं पान पसरलेल्या पंजासारखं दिसतं म्हणून झाडालाही तेच नाव मिळालं. तिथून फ्रेंचमार्गे इंग्लंडात शब्द आला 'पामर', म्हणजे झावळीवाला.

कसली झावळी? तर जेरुसलेमची. येशूने जेरुसलेम नगरीत प्रवेश केला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, अशी ख्रिस्ती धर्मात कथा आहे. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार गोव्यात आणि आपल्याकडच्या चर्चमध्येही पाळतात. मध्ययुगात जो इंग्रज पवित्र भूमीची यात्रा करून यायचा तो खूण म्हणून खजुरीची झावळी आणायचा. प्रत्येक क्षेत्राची खूण वेगळी होती. स्पेनमधल्या सांतियागोहून येणारा शिंपला लावून यायचा, रोमहून येणाऱ्याकडे सेंट पीटरच्या किल्ल्यांचं चिन्ह असायचं, आणि इंग्लंडातल्याच कँटरबरीहून येणारा पवित्र पाण्याची शिशाची कुपी आणायचा. आपल्याकडे काशीहून आलेला माणूस गंगेचा गडू आणतो, तसंच हे.

जेरुसलेमची यात्रा सोपी नव्हती. जाऊन येऊन वर्ष सहज लोटायचं. बरेच जण व्हेनिसहून जहाज पकडत. निघण्याआधी माणसाने देणी फेडावीत, मृत्युपत्र करावं आणि आपल्या धर्मगुरूची अनुज्ञा घ्यावी अशी रीत होती, कारण परत येण्याची खात्री कोणीच देत नसे. अशा प्रवासातून जो जिवंत गावी परतला त्याला गावाने 'झावळीवाला विल्यम' म्हणायला सुरुवात केली, तर त्यात नवल नाही. बाराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी सरकारी नोंदींत 'ल पामर' अशी नावं सापडू लागतात. यांतल्या काही नोंदी राजाच्या खजिन्याच्या जमाखर्चाच्या आहेत. त्या खात्यात चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब होत असे. त्या चौकटींवरून त्या खात्याचं नाव 'एक्स्चेकर' पडलं आणि आपला रोजचा 'चेक' हा शब्दही त्याच कुळातला.

सुरुवातीला 'ल पामर' हे आडनाव नव्हतं, ओळख होती. बापाला पामर म्हणत आणि मुलाला कदाचित लोहार. साधारण १२५० ते १४०० या काळात इंग्लंडात बापाचं नाव मुलाला लागण्याची चाल हळूहळू रुळली. जमिनीचे वारसाहक्क आणि सरकारी कर ही त्याची मोठी कारणं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली तिथे डोईपट्टी बसवली गेली, तिच्या याद्यांत गावोगावची साधी माणसं नावानिशी येतात. कर वसूल करायचा तर माणूस ओळखता आला पाहिजे, हे सूत्र तेव्हाही होतं आणि आज पॅनकार्डातही आहे.

एक मत असं आहे की 'पिलग्रिम' म्हणजे घरदार असलेला, एका क्षेत्राला जाऊन परत येणारा यात्रेकरू. आणि 'पामर' म्हणजे घर सोडून आयुष्यभर क्षेत्रांमागून क्षेत्रं हिंडणारा. आम्हाला हे पटत नाही. जो कायमच हिंडत राहिला त्याच्या मुलाबाळांचं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं? आडनाव पुढे चालायला कोणीतरी घरी परतावंच लागतं. शिवाय सगळेच पामर जेरुसलेमला गेले असतील असंही नाही. इंग्रजांत पोप, किंग आणि बिशप अशीही आडनावं आहेत. ती मूळ पोप-राजांची मुळीच नव्हेत. कोणी नाटकात ती सोंगं घेतली म्हणून, कोणी तोरा मिरवला म्हणून ती चिकटली. पामरांतही असे काही असणार.

श्रॉपशरमधल्या लडलो गावात तर पामरांचा एक संघच होता. तेराव्या शतकात तो निघाला. वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि आपल्या मरणानंतर आत्म्यासाठी प्रार्थना चालू राहतील याची तजवीज करायची, असं त्याचं मुख्य काम. गावात घरं-जमिनी बाळगून त्यांच्या भाड्यातून संघ धर्मकृत्यं चालवी. सभासद होण्यासाठी जेरुसलेमला जाण्याची अट नव्हती. म्हणजे तोपर्यंत शब्द खऱ्या झावळीपासून बराच लांब आला होता.

मग १५३८ साल उजाडलं. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडला होता. त्या साली कँटरबरीची प्रसिद्ध समाधी फोडून टाकली गेली आणि यात्रांची परंपराच बंद पडली. आणि त्याच साली हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांची वही ठेवावी असा हुकूम काढला. म्हणजे यात्रेकरू नाहीसे झाले आणि यात्रेकरूंचं आडनाव मात्र वहीत कायमचं पक्कं झालं! नंतरच्या पामरांचा यात्रेशी काही संबंध उरला नाही. हंटले अँड पामर्सच्या बिस्किटांचे डबे जगभर गेले. त्यातला जॉर्ज पामर १८४१ साली भागीदार झाला, तो क्वेकर पंथाचा होता. त्या पंथात तीर्थयात्रेला स्थानच नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुला-नातवंडांना अलीकडे 'तुमच्या आडनावाचा इतिहास आणि राजचिन्ह' असे छापील कागद विकले जातात. इंग्लंडात आडनावाला राजचिन्ह नसतं. ते एका माणसाला बहाल होतं आणि त्याच्या वंशजांना हक्काने मिळतं. हे काम पाहणारी संस्था १४८४ पासून आहे. एकाच आडनावाची हजारो घराणी एकमेकांशी संबंध नसलेली असतात, कारण प्रत्येक परगण्यात कोणी ना कोणी झावळी घेऊन आला होता. आपल्या सगळ्या कुलकर्ण्यांचा मूळ पुरुष एकच, असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. नावाच्या अर्थावरून कुळ सिद्ध होत नाही, त्याला कागद लागतो. गुजराती-जैन समाजात संघवी आडनाव आहे. यात्रेचा संघ काढणाऱ्या कोणा पूर्वजावरून ते आलं. त्यांच्यापैकी घरात जुनी वंशावळ असेल त्यालाच 'आमचा संघ कोणता' हे सांगता येईल.

आता आपल्या पामरांकडे वळू. पुण्याचा कर्नल विल्यम पामर हा वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला माणूस. पुण्याआधी तो दौलतराव शिंद्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, म्हणून ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींनाही हे नाव परकं नसावं. १७९८ ते १८०१ तो पुण्यात होता. त्याची सहचारिणी होती फैज बख्श, मुघल खानदानातली. तिचा मुलगा विल्यम १७८० साली जन्मला.

आणि इथे आडनाव किती थोडं सांगतं ते पाहा. नावाने हा मुलगा अस्सल इंग्रज. पण १७९१ साली कंपनीच्या संचालकांनी नियम केला, की ज्याची आई किंवा बाप हिंदी आहे त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये. त्याचा सावत्र भाऊ, बापाच्या पहिल्या बायकोपासूनचा जॉन, कलकत्त्यात व्यापाऱ्यांचा राजा म्हणून मिरवला. धाकटा विल्यम मात्र कंपनीकडे न जाता निजामाच्या फौजेत नोकरीला लागला. दोघांचं आडनाव एकच. फरक होता तो आयांचा, आणि आईचं नाव आडनावात दिसत नाही. आपल्या वंशावळींतही आज्यांची नावं शोधायला गेलं की 'अमुकांची कन्या' यापलीकडे हाती काही लागत नाही.

१८१४ च्या सुमारास विल्यमने हैदराबादेत पेढी घातली. गुजराती सावकार बंकटी दास तिचा भागीदार होता. युरोपियनांनी देशी राजांना कर्ज द्यायचं तर गव्हर्नर जनरलची परवानगी लागे, ती १८१६ साली मिळाली. सर विल्यम रंबोल्ड नावाचा आणखी एक भागीदार होता. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज (वॉरन नव्हे, हा दुसरा) यांच्या घरी पालनपोषण झालेली मुलगी, त्यामुळे वरपर्यंत वशिला होता. पेशकार चंदूलाल कर्ज घेत गेले. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या फौजेचा पगार पेढी आगाऊ देई आणि त्या बदल्यात वऱ्हाडचा वसूल तिच्याकडे लावून दिलेला असे. म्हणजे निजामाच्या ताब्यातल्या आपल्या मराठी शेतकऱ्याच्या साऱ्यातून हे व्याज फिटत होतं. दर शेकडा २४ च्या आसपास. बँकेतला ठोकताळा लावला, तर चक्रवाढीने तीन वर्षांत मुद्दल दुप्पट.

१८२० साली साठ लाखांचं मोठं कर्ज झालं. त्याच वर्षाअखेर आलेला रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने खाती तपासली, तेव्हा त्यातली मोठी रक्कम जुन्याच येण्यांची नव्या नावाने केलेली नोंद असल्याचं दिसून आलं. जुनं थकीत खातं नव्या कर्जाने 'नियमित' करण्याची ही विद्या आमच्या काळातली नव्हे हे वाचून आम्हाला, खरं सांगायचं तर, थोडं हायसं वाटलं!

शेवटी १८२३ मध्ये कंपनीने तोड काढली. उत्तर सरकार, म्हणजे आजचा किनारी आंध्र, कंपनीने घेतला होता आणि त्याबद्दल निजामाला दरसाल ७ लाख रुपये देत असे. तो हक्क निजामाने कायमचा सोडला आणि बदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख ६६ हजार रुपये एकरकमी घेतले. ७ लाखांना शेकडा ६ ने भागून पाहा, हाच आकडा येतो. निजामाचं येणं ६ टक्क्यांच्या हिशेबाने विकलं गेलं आणि त्या पैशातून २४ टक्क्यांचं देणं फिटलं. पेढीही फार टिकली नाही, १८२४ मध्ये बुडाली. ज्या रेसिडेन्सीतून मेटकाफने हे सगळं केलं ती कोठीतली इमारत आपण सगळ्यांनीच पाहिली आहे; आपल्या कित्येक लेकी-सुना तिथल्या महिला महाविद्यालयात शिकल्या.

पेढी बुडाल्यावरही विल्यम पामर हैदराबादेतच राहिला आणि १८६७ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, इथेच वारला. त्याची एक मुलगी लेखक मेडोज टेलर याला दिली होती. हा टेलर पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला. तुळजापूर तिथून जवळ. जेरुसलेमच्या यात्रेकरूचं नाव लावणाऱ्या घराण्याचा जावई असा भवानीच्या यात्रेच्या वाटेवर येऊन बसला होता.

कोणाला या पामरांबद्दल अधिक शोधायचं असेल तर एक सूचना. नुसतं 'विल्यम पामर' असं शोधल्यास पहिल्यांदा एक विषप्रयोग करणारा डॉक्टर समोर येतो. १८५६ साली तो फाशी गेला आणि त्याचा आपल्या पामरांशी काहीही संबंध नाही. त्याऐवजी 'फैज बख्श' या नावाने शोधा. लखनौमध्ये १७८५ च्या सुमारास काढलेलं पामर कुटुंबाचं एक तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, ते सापडेल. त्यात कंपनीच्या गणवेशातला बाप आहे, फैज बख्श आहे आणि मुलं आहेत. हैदराबादचा होऊ घातलेला सावकार तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.