दोघी विहिणी आणि सुरतेची बस

लेकीच्या घरी आईने किती दिवस राहावे, याचे आपल्याकडे अलिखित नियम आहेत. राहिलीच तर 'मला गाव दाखवा' म्हणून जावयाला भरीस घालू नये, हाही त्यातलाच एक. माझी लेक सुरतेजवळच्या इच्छापोरला राहते. जावई हजिऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. घरात दुचाकी आहे, चारचाकी नाही. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेले, तेव्हा विहीणबाईही गोकाकहून आल्या होत्या. पंधरा दिवस दोघींनी गॅलरीत बसून ट्रक मोजायचे, की जावयांची आठवड्याची एकुलती सुट्टी खर्ची घालायची? आम्ही तिसरा मार्ग धरला, बसचा.

सुरत आपल्याला वाटते तितकी आडवळणाला नाही. बंगळूरहून जोधपूर, अजमेर, गांधीधामकडे जाणाऱ्या काही गाड्या बेळगाव, मिरज, पुणे करत थेट सुरतेला जातात. फक्त तिकिटावर सुरत आहे की उधना, ते आधी पाहून ठेवावे. दोन्ही स्टेशने एकाच शहरात, पण उतरल्यावरच्या वाटा वेगळ्या.

इच्छापोर शहराच्या पश्चिम अंगाला, हजिऱ्याच्या हमरस्त्यावर आहे. जुने सुरत तापीच्या पलीकडे. मध्ये अडाजण लागते, मग नदीवरचा पूल. महापालिकेच्या सिटीलिंकच्या बस या बाजूला येतात. त्यातल्या बीआरटीएस बस 2014 मध्ये सुरू झाल्या. रस्त्याच्या मधोमध त्यांची राखीव वाट आणि बसच्या पायरीइतकाच उंच फलाट. हुबळी-धारवाडची चिगरी बस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवे नाही. गुडघे धरलेल्या माणसाला या फलाटाचे मोल विचारावे! साध्या सिटी बसला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, हे लक्षात ठेवावे.

कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांचा बसप्रवास फुकट झाला, महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीला अर्धे तिकीट आले. त्या सवयीने विहीणबाईंनी पहिल्या दिवशी कंडक्टरपुढे आधार कार्ड धरले. तो हसला आणि त्याने तिकीट फाडले. परराज्यात आपली सवलत चालत नाही, एवढाच धडा.

आता पाट्यांचे. आपण सीमाभागातली माणसे दोन लिप्यांत वाढलेली. बेळगावात कन्नड पाटी वाचता आली नाही तर बस चुकते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सुरतेत पाट्या गुजरातीत. पण देवनागरी येत असेल तर अर्धे काम झालेलेच असते. वरची रेघ नाही आणि क, ख, च, ज, फ, ब अशी मोजकी अक्षरे वेगळी. दोन दिवसांत नजर सरावते. आकड्यांत पाच तेवढा फसवतो, तो आपल्या प सारखा दिसतो. पाट्या वाचायचे काम माझ्याकडे आले. विचारायचे काम विहीणबाईंचे, कारण अनोळखी माणसाशी बोलायला त्या मुळीच बिचकत नाहीत. 'आ बस चोक जशे?' एवढे एक वाक्य लेकीकडून पाठ करून घेतले होते. बस दिसली की मात्र मूळची भाषा बाहेर पडायची, "बस बंतरी, एळ्री!"

उत्तर कित्येकदा मराठीतच यायचे. तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे आली. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत मराठी सहज कानावर पडते. महापालिकेच्या शाळांत गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्या जोडीला मराठी माध्यमही आहे.

चौकात उतरले की सोळाव्या शतकातला किल्ला समोरच. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इथला सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात लपून बसला होता. आता डागडुजी होऊन आत संग्रहालय आहे. जवळच मुगलसराई. 1644 मध्ये बांधलेली ही धर्मशाळा हजच्या यात्रेकरूंना उतरण्यासाठी होती, पुढे तिथे महापालिकेचे कार्यालय आले. कतारगामला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. 1664 मध्ये वखार लढवणाऱ्या जॉर्ज ऑक्झेंडनची घुमटाची कबर तिथे आहे. शाळेत एका धड्यापुरती शिकलेली सुरत अशी पायी फिरताना जागोजागी भेटते. भूक लागली की लोचो खावा आणि परतताना घारी बांधून घ्यावी.

हौस असेल तर उलट दिशेला हजिऱ्याहून सौराष्ट्रातल्या घोघ्याला बोट जाते. नोव्हेंबर 2020 मध्ये ही सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे 370 किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून 90 होते. वेळापत्रक मात्र आधी पाहावे.

सगळेच सोपे आहे असे नाही. हजिऱ्याच्या रस्त्यावर अवजड ट्रक अखंड धावतात. थांबा पलीकडे असला तर रस्ता ओलांडताना छातीत धडधडते. घाई न करता चौकातल्या सिग्नललाच ओलांडावे. पाळी सुटायच्या वेळी बसला झुंबड असते, म्हणून चारच्या आत परतीला लागावे. थांब्यापासून घरापर्यंत शेअर रिक्षा बरी, भाडे बसण्यापूर्वी विचारावे. घराजवळच्या थांब्याचे नाव कोणाकडून तरी गुजरातीत लिहून पर्समध्ये ठेवावे. फोनची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. लेकीला इच्छापोरला येऊन तीन वर्षे झाली, पण चौक बाजार तिने नवऱ्याच्या गाडीवर मागे बसूनच पाहिलेला. पाचव्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली आणि आठव्या दिवशी एकटीच जाऊन रेशमी दोरे घेऊन आली. सासू म्हणाली, "चलो आतु!" म्हणजे छान झाले. आता ती आठवड्यातून एकदा तरी जाते. रविवारची वाट पाहत नाही आणि जावयांनाही सुट्टीच्या दिवशी पाय पसरायला मिळतात. गाडी घ्यायची तेव्हा ते घेतील. तोवर लेक काही अडून बसलेली नाही, याचेच मला जास्त समाधान आहे.