ड्रायव्हर गेला, क्लीनर उरला

गोव्याच्या डिचोली-साखळी पट्ट्यात खनिजाचा टिपर मागे घेताना ज्याने पाहिला आहे, त्याला या लेखातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. ड्रायव्हर आरशात बघतो खरा, पण भरवसा ठेवतो तो मागे उभ्या असलेल्या क्लीनरवर. "येऊ दे... येऊ दे... डावं घे... बस्स!" आणि पत्र्यावर एक थाप. क्लीनरच्या हातात स्टिअरिंग नसते, पायाखाली ब्रेक नसतो. त्याच्याकडे असतात ते दोन डोळे, ड्रायव्हरची नजर पोचत नाही अशा जागी उभे केलेले.

अमेरिकेतल्या विनाचालक टॅक्सींची एक बातमी वाचताना मला हा क्लीनर आठवला. २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका वीज उपकेंद्राला आग लागली, शहराचा मोठा भाग अंधारात गेला, सिग्नल विझले आणि वेमो कंपनीच्या गाड्या चौकाचौकांत खोळंबल्या. विझलेला सिग्नल कसा ओलांडायचा हे त्या गाड्यांना शिकवलेले होतेच. त्या दिवशी असे ७,००० हून अधिक सिग्नल त्यांनी नीट पार केले, असे कंपनीने नंतर सांगितले. घोडे पेंड खात होते ते वेगळ्याच ठिकाणी. शंका आली की गाडी दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला विचारते, "जाऊ ना?" एरवी उत्तर चटकन मिळते. त्या संध्याकाळी मात्र एकदम एवढ्या गाड्यांनी विचारायला सुरुवात केली की प्रश्नांचीच रांग लागली.

म्हणजे माणूस आहे तर! जाहिरातीत रिकामी सीट दिसते, पडद्यामागचा माणूस दिसत नाही. यातले काही मदतनीस थेट फिलिपिन्समध्ये बसतात, हे वेमोने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये मान्य केले, तेव्हा तिथे बराच गहजब झाला. पण हा माणूस गाडी चालवत नाही. कॅमेऱ्यातले चित्र बघून तो सांगतो की पुढची लेन बंद आहे, किंवा नवी वाट आखून सुचवतो. सूचना मानायची की नाही, ब्रेक कधी लावायचा, हे गाडीच ठरवते. थोडक्यात, संगणक हा ड्रायव्हर आणि माणूस हा क्लीनर.

त्याच्या हाती स्टिअरिंगच का देत नाहीत? ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चित्र जाऊन हुकूम परत येईपर्यंत अर्धा सेकंद मोडला, तर आठ मीटर रस्ता डोळे मिटून कापला असे समजायचे.

हे दुखणे सर्वांत आधी कोणी भोगले असेल तर चंद्रावरच्या 'ड्रायव्हरां'नी. सोव्हिएत संघाचा आठचाकी लुनोखोद-१ हा १७ नोव्हेंबर १९७० ला चंद्रावर उतरला आणि त्याला हाकणारी पाच जणांची टोळी बसली होती क्रिमियात! कमांडर, चालक, नॅव्हिगेटर, अभियंता आणि अँटेना पृथ्वीकडे रोखून ठेवणारा ऑपरेटर. चंद्रापर्यंत रेडिओलहरीला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, परत यायला तेवढाच. त्यात चित्रही सलग नाही, काही सेकंदांनी एक स्थिर फोटो. समोर खड्डा दिसला, तेव्हा गाडी कदाचित त्या खड्ड्यात पोचलेलीसुद्धा असेल! तरी दहा महिन्यांत त्यांनी तिला साडेदहा किलोमीटर फिरवले. त्याच्या काही वर्षे आधी एमआयटीत शेरिडन आणि फेरेल यांनी प्रयोग करून दाखवले होते की असा उशीर आला की माणूस न सांगता एकच युक्ती धरतो: थोडे हलव, थांब, बघ, मग पुन्हा हलव. चंद्रावर मागून हॉर्न वाजवणारे कोणी नसते म्हणून हे जमते. म्हापशाच्या बाजारात जमवून दाखवा.

खाणीत मात्र जमते. ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात रिओ टिंटोचे लोहखनिजाचे प्रचंड डंपर चालकाविना धावतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसे सुमारे १,५०० किलोमीटरवरच्या पर्थमध्ये बसतात. लोहखनिज तेच, पण तिथला रस्ता खाणीच्या कुंपणाआतला. आपला माल खाणीतून नदीवरच्या जेटीपर्यंत गावांतून जात आला आहे, शाळेची पोरे, स्कूटर आणि रस्त्यावर रवंथ करत बसलेली गुरे यांच्यामधून. पर्थचे यश दाखवून कोणी इथल्या टिपरबद्दल बोलू लागला, तर आधी कुंपण कुठे आहे ते विचारावे.

क्लीनरला हाक मारायची तर आपण अडलो आहोत हे ड्रायव्हरला कळावे लागते. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोतच दुसऱ्या एका कारची धडक बसून एक महिला क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीपुढे फेकली गेली. गाडीने तिला धडक दिली, पण बाजूने काहीतरी आपटले एवढाच अर्थ लावला. मग शहाण्यासारखी रस्त्याच्या कडेला जायला निघाली आणि खाली अडकलेल्या त्या महिलेला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. वाट विचारण्याजोगे काही घडले आहे, हेच गाडीला उमगले नव्हते. पुढच्या वर्षअखेरीस जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला.

इथे मला लिझॅन बेनब्रिज यांचे नाव घ्यायचेच आहे. मानवी घटकांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या पाठ आहेत, गाड्यांच्या बातम्यांत मात्र क्वचित भेटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' हा छोटा निबंध लिहिला. तेव्हा विषय रासायनिक कारखान्यांचा आणि विमानांचा होता. माणूस चुकतो म्हणून रचनाकार त्याला बाजूला काढतो आणि जे यंत्राला शिकवता आले नाही, तेवढेच नेमके त्याच्यासाठी शिल्लक ठेवतो. सोपी कामे गेल्याने माणसाचा हात बसलेला राहत नाही, आणि हाक येते ती सर्वांत अवघड क्षणी. म्हणून यंत्र जितके उत्तम, तितके माणसाच्या प्रशिक्षणावर जास्त खर्चा, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. डिसेंबरातली ती रांग मला या निबंधाचा उशिरा आलेला पुरवणी अध्याय वाटली.

ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी वारंवार सांगत आले आहेत. तरी समजा, मोपा विमानतळावरून निघालेली एखादी गाडी कोजागिरीच्या रात्री पेडणे गावात शिरली. पुनवेची गर्दी, देवांची तरंगे, आणि आपले देऊळ अजून बांधले नाही म्हणून रुसून निघालेला देव भूतनाथ. लोक त्याच्या मागे, विनवण्या चालू. गाडी थांबेल, फिलिपिन्समधल्या मदतनिसाला चित्र पाठवेल. त्याच्या पडद्यावर पर्याय उमटतील: थांब, वळ, मागे घे. देव रुसलाय, त्याची समजूत पटेपर्यंत गाडी बाजूला लाव आणि तूही बघत उभा राहा, हा पर्याय तिथे कोणी घातलेला नसेल.