ताण साठवू नका, रोज थोडा सोडा

गंगापूर रोडवरील माझ्या दवाखान्यात संध्याकाळी येणाऱ्या रुग्णांच्या काही तक्रारी ठरलेल्या असतात. डोके जड होते, मान आखडते, पोटात गॅस धरतो, रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. तपासण्या कराव्यात तर पुष्कळदा त्यांत काही निघत नाही. रुग्ण विचारतो, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय ते काय?" सोबतची मंडळी लगेच सांगतात, "काही नाही डॉक्टर, टेन्शन फार घेतात." जणू टेन्शन ही किराणा दुकानातून घ्यायची वस्तू आहे आणि उद्यापासून घेतली नाही की झाले!

ताण हा केवळ मनाचा खेळ नव्हे. समोर संकट दिसले की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागते. अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात धडकते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, पचनाचे काम मागे पडते. कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक ही तयारी टिकवून धरते. हॅन्स सेली या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, त्रासाचे कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. कुत्रा मागे लागला तर माणूस धावतो आणि ही तयारी खर्ची पडते. पण साहेबाचा फोन, मुलाचा निकाल, कर्जाचा हप्ता यांपुढे धावायचे कुठे? शरीर सज्ज होते आणि तसेच बसून राहते. मान आखडते ती यामुळेच.

नाशिककरांना हे धरणाच्या उदाहरणाने पटकन समजते. पावसाळ्यात गंगापूर धरण भरत आले की ते काठोकाठ भरण्याची वाट कोणी पाहत नाही. टप्प्याटप्प्याने पाणी सोडले जाते. विसर्ग एकदम वाढवावा लागला की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते पाहायला गर्दी जमते. आपण मात्र ताण वर्षभर साठवतो आणि मे महिन्यात चार दिवस महाबळेश्वरला जाऊन तो उतरवू पाहतो. सहलीला माझा विरोध नाही, पण परत आल्यावर आठवडाभरात मान पुन्हा तशीच आखडते, असे सांगणारे मला नेहमी भेटतात. विसर्ग रोजचा हवा.

सर्वांत सोपा उपाय श्वासाचा. मनगटावरची नाडी बोटांनी धरून पाहा. श्वास घेताना ती किंचित जलद चालते, सोडताना किंचित मंद होते. तरुणांत हा फरक अधिक स्पष्ट जाणवतो. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवावा. मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा ते आठ मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटे पुरेत. जेहान सर्कलच्या सिग्नलला गाडी थांबली की हॉर्न वाजवण्याऐवजी हा प्रयोग करता येतो!

दुसरा उपाय शवासनाचा. पुष्कळांना ही म्हातारपणची करमणूक वाटते. परंतु मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचे निष्कर्ष 1969 साली प्रसिद्ध केले. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. ती डॉक्टरांनी मोजमाप करून कमी केली, हे विसरू नका. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. सतरंजीवर उताणे पडावे, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडत जावे. सुरुवातीला झोप लागेल, लागू द्या.

चालण्याबद्दल जास्त सांगायला नको. सोमेश्वरकडे आणि कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी गर्दी असतेच. फक्त चालताना मोबाइलवर धंद्याचे बोलणे नको. मग पाय चालतात आणि डोके दुकानातच राहते. चहाचेही तसेच. दुपारी चारनंतरचा चहा पुष्कळांची रात्रीची झोप पातळ करतो. तंबाखूने बरे वाटते ते घटकाभर, नाडी मात्र वाढते. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री जाग येते.

आता अवघड भाग. हे सर्व उपाय शरीर सैल करतात, कर्ज फेडत नाहीत. आमच्याकडे निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार येतात. अवकाळी पावसाने मणी तडकले तर वर्षाचा खर्च पाण्यात जातो. अशा एका गृहस्थांना महिनाभर झोप नव्हती. बोलता बोलता कळले की, कर्जाचा खरा आकडा त्यांनी घरात कोणालाच सांगितलेला नव्हता. पाऊस त्यांच्या हातात नव्हता, पण तो आकडा सांगणे हातात होते. घरात त्यांनी तो सांगितला. मुलगा सोबत बँकेत गेला आणि हप्त्यांची मुदत वाढवून मिळाली. कर्ज आहे तेवढेच आहे, पण आता ते एकट्याच्या डोक्यावर नाही. पुढच्या खेपेस ते झोपेची गोळी मागायला आले नाहीत. घरात बोलणे अशक्यच असेल तर रात्री वहीत लिहून काढावे: काय माझ्या हातात, काय नाही, आणि उद्या पहिले काम कोणते.

दोन गोष्टींत मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. छातीत दाब येणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे, धाप लागणे, याला 'टेन्शन' म्हणून झोपून राहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'टेली-मानस' ही 2022 साली सुरू झालेली सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. घरातील एखादा माणूस असे विचार बोलून दाखवू लागला तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.