पाडाला आलेली फुप्फुसं

सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे खरं का, असं वाचक अजूनही विचारतात. खरं नाही. आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता जास्त असते, आणि त्याचं एक मोठं कारण त्याच्या फुप्फुसांतल्या पेशी.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात आद्य अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीतून एक कोंब निघतो. त्याला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. टोकाभोवतीच्या पेशींतून एफजीएफ-१० नावाचं प्रथिन पाझरतं आणि टोक त्याच्या रोखाने वाढत जातं. चार महिन्यांत श्वासनलिकांचं जाळं जवळजवळ पुरं होतं, पण त्यातून श्वास घेता येत नाही. टोकाच्या पेशींचं काय व्हायचं, हे अजून ठरायचं असतं. पुढे त्यांतल्या काही पसरून अतिशय पातळ होतात. वायुकोशांचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्या व्यापतात आणि प्राणवायू त्यांच्यातूनच रक्तात जातो. बाकीच्या गुटगुटीत राहून सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारा पदार्थ, बनवतात. उंदरांच्या गर्भात दिसलं आहे की पोटातल्या पोटात होणाऱ्या श्वासाच्या हालचालींनी पेशींवर जो ताण येतो, तोही ही वाटणी ठरवतो. हवेचा स्पर्शही झालेला नसताना श्वासाचा सराव पेशींना घडवत असतो! याच्यापुढे मला कुठलंही यंत्र फिकं वाटतं.

सर्फॅक्टंट नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला वायुकोश मिटतात. अपुऱ्या दिवसांची बाळं यामुळेच गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचं, केनेडींचं, साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ दोन दिवसही जगलं नाही. उपायच नव्हता.

तो सापडला न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांच्या गोठ्यात. प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, हे ग्रॅहम लिगिन्स शोधत होते. त्यासाठी गर्भातच स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की ते मरायलाच हवं होतं. ते श्वास घेत होतं. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली. १९७२ चे आकडे असे: स्टेरॉइडचं इंजेक्शन न मिळालेल्या मातांच्या बाळांपैकी २५.८ टक्क्यांना श्वासाचा त्रास झाला, मिळालेल्या मातांच्या बाळांपैकी ९ टक्क्यांना. लिगिन्स यांचं नाव सगळे घेतात, हॉवींचं फार थोडे. आणि एवढं होऊनही हा उपचार सर्वमान्य व्हायला आणखी वीस वर्षं गेली.

हे औषध करतं काय? आढीत आंबा पिकतो, पण पाड लागलेला असेल तरच. कोवळी कैरी आढीत घातली तर ती सुरकुतते, पिकत नाही. आणि जो झाडावरच पिकणार आहे, त्याला आढीची गरज नसते. फुप्फुसांतल्या पेशींचंही तसंच आहे. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून त्या स्टेरॉइडच्या ‘पिका’ या संदेशाला प्रतिसाद देऊ लागतात. चौतिसाव्यानंतर फायदा कमी होत जातो. शिवाय पेशी परिपक्व होण्याच्या घाईत विभाजन आवरतं घेतात, म्हणून विनाकारण दिलेलं स्टेरॉइड निरुपद्रवी मानता येत नाही.

स्वस्त इंजेक्शन गावोगावी द्या, बाळं वाचतील, हा उत्साह म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. सहा देशांतल्या सुमारे एक लाख जन्मांवर नेमकी अशी चाचणी झाली. नागपूर आणि बेळगाव ही तिची भारतातली केंद्रं. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एकत्रित निष्कर्ष धक्कादायक होता. मोहीम राबवलेल्या भागांत हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात दगावले, इतर भागांत २३.९. मातांमध्ये संसर्गाचा संशयही वाढला. किती आठवडे भरलेत, याचा अंदाज कच्चा होता आणि इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींची प्रसूती वेळेवरच झाली. नंतर पाच देशांतल्या रुग्णालयांत, बेळगावसह, सोनोग्राफीने आठवडे ठरवून आणि नवजात बाळांची नीट काळजी घेऊन चाचणी झाली. २०२० चा निकाल: औषध न मिळालेल्यांत २३.५ टक्के बाळं दगावली, मिळालेल्यांत १९.६. म्हणजे दर पंचवीस मातांमागे एक बाळ वाचलं. दोन्ही चाचण्यांत औषध तेच, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड.

तेव्हा घरात कुणाला दिवस गेले असतील तर शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या आणि तो कागद बाळंतपणापर्यंत जपा. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर तो घेऊन नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयातच जा.