नको असलेला निरोप, अडवलेला निरोप
(लेखमाला : निरोपांचे राज्य, लेखांक सहावा)

मोबाईलवर येणारे नकोसे संदेश, सरकारी हुकमाने बंद पडणारे इंटरनेट आणि संगणक क्षेत्रातील कामगारांचे हक्क या तीन विषयांवर मध्यमवर्गीय घरांतून तीन ठाम मते ऐकू येतात : कर्जाच्या आणि प्लॉटच्या जाहिरातींनी भंडावून सोडणाऱ्यांना तुरुंगात टाकावे, दंगलीच्या काळात सरकारने नेट बंद केले तर त्यात गैर काही नाही, आणि संगणकावर काम करणाऱ्यांना एवढा पगार मिळत असताना त्यांना युनियन कशाला हवी. ही मते स्वतंत्रपणे मांडली जातात, परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. निरोप पुढे जाऊ द्यायचा की अडवायचा हे कोणी ठरवायचे, त्या निर्णयाची कारणे कोणाला द्यावी लागतात आणि पाठवण्याचे किंवा अडवण्याचे काम प्रत्यक्षात कोणाच्या हातून होते, असा तो प्रश्न आहे. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याला या तिन्ही बाजूंचा जुना अनुभव असल्यामुळे प्रस्तुत लेखांकात त्याच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे.

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२७ मध्ये बारडोली तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला आणि १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी सारा न भरण्याचा निश्चय केला. हा लढा निरोपांच्या बळावर चालला होता, ही गोष्ट त्याच्या गौरवगाथेत बऱ्याचदा मागे पडते. तालुक्यातील १३७ गावांत ठिकठिकाणी छावण्या उभारल्या गेल्या होत्या, जप्तीचे अधिकारी गावाकडे निघाले की ढोल आणि शंख वाजवून पुढच्या वस्तीला सावध केले जाई, आणि जुगतराम दवे यांच्या देखरेखीखाली निघणारी ‘सत्याग्रह पत्रिका’ तालुक्यात रोज फुकट वाटली जाई. केवळ संख्येचा हिशेब धरला, तर एकाच मजकुराच्या हजारो प्रती न मागता घरोघर पोहोचवणारी ही पत्रिका आणि आजचा घाऊक संदेश यांत फरक उरत नाही. फरक आहे तो संमतीचा, म्हणजे घेणाऱ्याला तो निरोप हवा होता की नाही याचा. ज्याला आज स्पॅम म्हणतात त्याची खरी व्याख्या इथेच सापडते : स्पॅम म्हणजे घेणाऱ्याच्या संमतीवाचून, पाठवणाऱ्याच्या लाभासाठी, घाऊक प्रमाणात लादलेला निरोप. यातील ‘घाऊक’ एवढाच शब्द धरून ठेवला आणि संमती सोडून दिली, की नकोशी जाहिरात थांबवण्याचे हत्यार नागरिकांच्या बोलण्यावर चालू लागते.

तसे घडल्याची उदाहरणे भारतात आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०११ मध्ये जाहिरातींच्या संदेशांना आळा घालण्यासाठी एका सिमकार्डावरून दिवसाला किती संदेश पाठवता येतील यावर मर्यादा घातली. ती आधी १०० आणि मग २०० संदेशांची होती. नियमाचा हेतू चांगला होता, पण मोजणाऱ्या यंत्राला जाहिरात आणि खाजगी निरोप यांतला भेद कळत नव्हता. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला व्यापारी नसलेले संदेश या मर्यादेतून वगळावे लागले. पुढच्याच महिन्यात, आसाममधील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर पसरलेल्या अफवांमुळे बंगळूर आणि पुण्यातून ईशान्येकडील तरुणतरुणी भयभीत होऊन गावाकडे निघाले, तेव्हा केंद्र सरकारने देशभर एका वेळी पाचपेक्षा जास्त जणांना संदेश पाठवण्यास पंधरा दिवसांची बंदी केली. पुण्यातल्या त्या मुलांची भीती खरी होती आणि सरकारला काहीतरी करणे भाग होते, हे मान्यच करायला हवे. तथापि अफवा पसरवणारा आणि ‘ही अफवा आहे, घाबरू नका’ असे कळवणारा हे दोघेही त्या मर्यादेने सारखेच बांधले गेले.

याच्या तुलनेत ट्रायने २०१८ मध्ये केलेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कडक केलेले नियम अधिक शहाणे आहेत, कारण त्यांचा पाया संमती हा आहे. या व्यवस्थेत व्यापारी संदेश पाठवणाऱ्या संस्थेला स्वतःची, आपल्या नावाच्या लघुरूपाची आणि संदेशाच्या ठरावीक मसुद्याची नोंद दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक डिजिटल खातेवहीत करावी लागते. बारडोलीतल्या एखाद्या फोनवर आलेल्या अशा संदेशाचा मथळा नीट पाहिला तर हे सगळे त्यात दिसते : पहिले अक्षर दूरसंचार कंपनीचे, दुसरे संदेश जेथून निघाला त्या विभागाचे, म्हणजे गुजरातसाठी ‘जी’ किंवा मुंबईसाठी ‘एम’, त्यानंतर संस्थेचे लघुनाव, आणि शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर, ज्यात ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेची माहिती, ‘टी’ म्हणजे बँकेच्या ओटीपीसारखा व्यवहाराचा संदेश आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘पी’ नको असेल तर घेणाऱ्याने १९०९ या क्रमांकावर तसे कळवायचे आणि तरीही संदेश आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची. कोणता निरोप नको हे येथे सरकार ठरवत नाही, फोन ज्याच्या हातात आहे तो ठरवतो. व्यवस्थेतून निसटणारे पुष्कळ आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकांवरून येणारे फोन आणि व्हॉट्सॲपवरील जाहिराती यांनी सामान्य माणसाला आजही जेरीस आणले आहे. असे असले तरी निर्णय घेणाऱ्याच्या हाती ठेवण्याचे हे तत्त्व टिकवण्यासारखे आहे.

निरोप अडवण्याचा अधिकार राज्यसत्तेच्या हाती जातो तेव्हा त्याला सेन्सॉरशिप, म्हणजे अभिव्यक्तीचे नियंत्रण, असे म्हणतात. मराठी वाचकांना याचे जवळचे उदाहरण पालघरचे आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि त्या मजकुराला पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. मात्र त्याच निकालाने कलम ६९ अ, म्हणजे संकेतस्थळे व खाती बंद करण्याचा केंद्राचा अधिकार, कायम ठेवला; कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागील एक महत्त्वाचा आधार होता. प्रत्यक्षात याच कलमाखालील २००९ च्या नियमांपैकी सोळावा नियम अशा हुकमांबाबत गोपनीयता पाळायला सांगतो, त्यामुळे ज्याचे लिखाण दिसेनासे झाले त्याला बऱ्याचदा कारण कळतच नाही. जे कारण वाचायला मिळत नाही त्याला आव्हान कसे द्यायचे, या प्रश्नाला नियमात उत्तर नाही.

खाते बंद करण्याच्या पलीकडचे पाऊल म्हणजे जाळेच बंद करणे. पाटीदार आरक्षण आंदोलनातील २५ ऑगस्ट २०१५ च्या अहमदाबादच्या सभेनंतर गुजरातभर हिंसाचार उसळला आणि राज्यात मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आले. पुढच्याच महिन्यात आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल यांना सुरतेत ताब्यात घेतल्यावर सुरतेत ते पुन्हा बंद झाले. पाटीदारांचा तालुका म्हणून ओळखली जाणारी बारडोली, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणारे, यंत्रमागांवर काम करणारे हजारो खानदेशी मराठी मजूर, हे सगळे त्या बंदीत आले. घरगुती ब्रॉडबँड मोठ्या प्रमाणात चालू होते आणि मोबाईलचे नेट बंद होते, म्हणजे बंदी आंदोलकांपेक्षा अधिक प्रमाणात गरिबांवर पडली. या बंदीला गौरव व्यास यांच्या याचिकेने गुजरात उच्च न्यायालयात आव्हान दिले. सामाजिक माध्यमांपासूनच धोका असेल तर कलम ६९ अ खाली तेवढीच संकेतस्थळे बंद करता आली असती, जमावबंदीसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ने सगळ्यांचे इंटरनेट बंद करणे कायद्यात बसत नाही, असा याचिकेचा मुद्दा होता. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये तो अमान्य केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्याच महिन्यात गुजरातमध्ये तलाठीभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून काही तास मोबाईल इंटरनेट बंद ठेवण्यात आले. दंगलीसाठी वापरलेला उपाय परीक्षेसाठी वापरायला सुमारे सहाच महिने लागले, ही बाब ‘दंगलीत बंद केले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

पुढे २०१७ मध्ये अशा बंदीसाठी वेगळे नियम झाले, आणि तेही १८८५ च्या तार कायद्याखाली, म्हणजे वल्लभभाईंच्या काळी अमलात असलेल्याच कायद्याखाली. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील बंदीच्या संदर्भात सांगितले की असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही आणि उपाय धोक्याच्या प्रमाणात असला पाहिजे. सर्वसामान्य मताने या निकालाची पुरेशी दखल घेतलेली नाही. त्यातले तत्त्व बारडोलीच्या शेतकऱ्यांनी ९२ वर्षांपूर्वी आपल्या शब्दांत मांडले होते. वाढ पूर्ण रद्द करा असा त्यांचा हट्ट नव्हता. ती ज्या आकड्यांवर बेतली ते आकडे निष्पक्ष चौकशीत तपासा, एवढी त्यांची मागणी होती. अखेर ऑगस्ट १९२८ मध्ये सरकारने ती मान्य केली आणि न्यायखात्यातील ब्रूमफील्ड व महसूलखात्यातील मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली. ज्या खंडाच्या आकडेवारीवर वाढ बेतली होती, ती जमाबंदी अधिकाऱ्याने नीट पडताळलेलीच नव्हती, असे या चौकशीत दिसून आले आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. यातले ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच न्यायाधीश. सरकारच्याच नोकरीतला माणूस मूळ कागद तपासायला बसला की सरकारचा हुकूम चुकीचा ठरू शकतो, हे त्यांच्या अहवालाने दाखवून दिले. इंटरनेटबंदीचे हुकूम तपासणाऱ्या समित्या मात्र २०२४ पर्यंत लागू असलेल्या २०१७ च्या नियमांनुसार सचिवांच्याच असत आणि त्यांचे निष्कर्ष सहसा लोकांपुढे येत नसत.

येथवरचे विवेचन निरोप घेणाऱ्याच्या आणि नागरिकाच्या बाजूने झाले. तिसरी बाजू कामगाराची आहे. बारडोलीच्या लढ्याचाही एक मूक भाग होता. शेतसाऱ्याचा प्रश्न जमीनधारकांचा होता, आणि त्यांच्या शेतात कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हळपती, ज्यांना तेव्हा दुबळा म्हणत, त्यांच्या वेठीचा प्रश्न त्या तडजोडीत आला नाही. पुढे १९५० च्या दशकात बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊसतोडीसाठी खानदेशातून टोळ्या येऊ लागल्या. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या मजुरांचा अभ्यास केला : मुकादम दिवाळीच्या सुमारास उचल देऊन कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, बांधून घेतो, हंगामभर ती उचल कामातून फेडून घेतली जाते, आणि मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असे म्हणून कारखाना मोकळा राहतो.

संगणकाच्या कामातही अशी साखळी आहे. मीरा रोडमधील कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये छापा घातला, तेव्हा अमेरिकी प्राप्तिकर खात्याच्या नावाने अमेरिकेतील लोकांना धमकावणारी शेकडो तरुण मुले एका रात्रीत ताब्यात घेतली गेली. त्याच महिन्यात अमेरिकेत दाखल झालेल्या आरोपपत्रात अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांची नावे होती. त्या मुलांतली काही फसवणूक कळून करत होती यात शंका नाही, पण हातात संहिता देऊन ती वाचायला लावणारा मालक आणि पगारासाठी ती वाचणारा मुलगा यांचा गुन्हा सारखा मानता येत नाही. म्यानमारमधील फसवणूक-केंद्रांत तर हा प्रकार वेठबिगारीपर्यंत गेला : नोकरीच्या आमिषाने नेलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या आणि रोज अनोळखी माणसांना लुबाडणारे संदेश पाठवायला लावलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. ज्या स्पॅमवर घराघरांत संताप व्यक्त होतो, त्याचा काही भाग अशा बंदिवानांच्या हातून आलेला असतो. निरोप अडवणाऱ्या बाजूलाही कामगार आहेत. बीभत्स आणि हिंसक चित्रे दिवसभर पाहून ती काढून टाकणाऱ्या तपासनिसांना मानसिक आजार जडतात. २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतील अशा कामगारांशी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. भारतात हेच काम कंत्राटी कंपन्यांमार्फत चालते आणि ती तडजोड येथील कामगारांना लागू झाली नाही.

एवढा पगार असताना युनियन कशाला, या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर सरळ आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या संज्ञेत तांत्रिक काम करणारा येत असे आणि त्याच्यासाठी पगाराची कमाल मर्यादा नव्हती. मर्यादा होती ती देखरेख करणाऱ्यांसाठी, १०,००० रुपयांची, जी नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० झाली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पुण्यात संगणक अभियंत्यांच्या संघटना कर्मचारीकपातीच्या विरोधात कामगार खात्याकडे जातात त्या याच आधारावर, आणि कंपन्या कर्मचाऱ्यांना ‘व्यवस्थापक’ म्हणवतात तेव्हा वादाचा मुद्दाही हाच असतो. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेतही आहे. मजकूर तपासणाऱ्या कामगारांचा मूळ मालक, म्हणजे परदेशी बसलेली समाजमाध्यमाची कंपनी, या तरतुदीखाली आणून त्याच्यावर केवळ थकलेल्या पगाराचीच नव्हे तर या कामातून होणाऱ्या आजारांच्या उपचाराचीही जबाबदारी टाकणे, ही मागणी कामगार संघटनांनी संहितेच्या नियमांवर हरकती नोंदवताना पुढे न्यायला हवी.