नागीण झाली तर पहिले ७२ तास का महत्त्वाचे असतात? गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या?

मागच्या पावसाळ्यात आमच्या फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने एक फोटो टाकला. पाठीपासून बरगडीपर्यंत लालसर पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड. खाली एकच ओळ होती, "हे काय असेल गं?"

दहा मिनिटांत ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडला. "नागीण आहे, गेरू लाव." "आमच्या गावात एक जण मंत्राने उतरवतात, पत्ता पाठवू का?" "तोंड आणि शेपटी जुळू देऊ नको, जिवावर बेततं." एका काकांनी तर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोच टाकला. "मला ओठावर फोड आले होते तेव्हा डॉक्टरांनी दिल्या होत्या. थोड्या उरल्यात, त्या घे."

आता गंमत बघा. काकांनी सुचवलेलं औषध नागिणीवरचंच होतं. ओठावरचे फोड आणि नागीण यांचे विषाणूही एकाच हर्पिस घराण्यातले. तरीही तो सल्ला चुकीचा होता. का, ते समजून घेऊ.

नागीण म्हणजे नेमकं काय?

लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांना कांजिण्या येऊन गेलेल्या असतात. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतो.

वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो पुन्हा जागा होऊ शकतो. पन्नाशीनंतर हा धोका वाढतो. मधुमेह, कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही, दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड्स ही त्यामागची आणखी काही कारणं. जागा झालेला विषाणू ज्या मज्जातंतूत असतो, त्याच्याच वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून फोड पट्ट्यासारखे येतात. हीच नागीण. डॉक्टर तिला हर्पिस झोस्टर म्हणतात.

बऱ्याचदा फोड येण्याच्या दोन-चार दिवस आधीच त्या जागी आग होते, टोचल्यासारखं वाटतं किंवा खूप दुखतं. त्यामुळे छातीत दुखतंय म्हणून हृदयविकाराची किंवा पाठीत दुखतंय म्हणून मुतखड्याची शंका येते.

तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो का?

नाही. आपल्या शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे मज्जातंतू आहेत. नागीण साधारणपणे एकाच बाजूच्या तंतूत असते, त्यामुळे तिचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. पूर्ण वेढा पडणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे आणि नुसता वेढा पडल्याने कुणी मरत नाही.

मात्र फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर यायला लागले, तर प्रतिकारशक्ती फारच खालावल्याची ती खूण असू शकते. तेव्हा वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं.

मग मंत्राने किंवा लेपाने नागीण 'उतरते' कशी? साध्या नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात. श्रेय मात्र त्या वेळी जो उपाय चालू असतो त्याला मिळतं. आणि नेमक्या याच काळात औषधाची वेळ निघून जाते.

गोळी आत जाऊन काय करते?

नागिणीवर प्रामुख्याने तीन औषधं दिली जातात. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर. असायक्लोव्हिर ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचं नेतृत्व गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ महिलेकडे होतं. औषधनिर्मितीतल्या कामासाठी त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

हे औषध विषाणूला फसवतं. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला डीएनए बांधावा लागतो. असायक्लोव्हिर त्या बांधकामातली खोटी वीट आहे. ही वीट एकदा बसली की पुढची वीट लागतच नाही आणि बांधकाम थांबतं. शिवाय ही वीट वापरण्याजोगी करण्याचं काम विषाणूचंच एक एन्झाइम करतं. त्यामुळे निरोगी पेशींमध्ये औषधाचा फारसा परिणाम होत नाही.

यातूनच दोन गोष्टी कळतात. एक, झोपलेल्या विषाणूवर हे औषध चालत नाही, त्यामुळे तो शरीरातून कायमचा जात नाही. दोन, विषाणू जोरात वाढत असतो तेव्हाच गोळीचा खरा उपयोग होतो.

७२ तासांचं गणित

विषाणूची वाढ पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असते. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायला सांगतात. त्यामुळे नवे फोड लवकर थांबतात, जखमा लवकर भरतात आणि सुरुवातीच्या वेदना कमी होतात.

तीन दिवस उलटून गेले तर? तरीही डॉक्टरांकडे जायचंच. नवे फोड येत असतील, डोळ्याला धोका असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर उशिरानेही औषध सुरू करतात.

फोड गेल्यावरही त्या जागी तीन महिन्यांहून जास्त काळ वेदना राहिल्या, तर त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूंचं दुखणं म्हणतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार, नागीण झालेल्या १० ते १८ टक्के लोकांना हा त्रास होतो. अंगावरचा कपडा घासला तरी जीव जातो. गोळ्या वेळेत घेतल्या म्हणजे हे दुखणं नक्की टळेल, अशी खात्री नाही. त्यासाठी वेगळी औषधं असतात, तीही डॉक्टरांनाच विचारून घ्यायची.

मग काकांच्या गोळ्या का नकोत?

औषध तेच असलं तरी डोस वेगळा असतो. ओठावरच्या किंवा गुप्तांगावरच्या हर्पिससाठी असायक्लोव्हिरची २०० किंवा ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. नागिणीसाठी मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस आहे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. म्हणजे उरलेल्या चार-सहा छोट्या गोळ्यांनी नागिणीला पुरेसं औषध मिळतच नाही. उलट 'औषध चालू आहे' या समाधानात ७२ तास निघून जातात.

व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनतं, पण ते रक्तात जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणून ते १००० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस पुरतं. दिवसातून पाच वेळा गोळी घेणं जमणार नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि हा पर्याय विचारा. तो थोडा महाग पडतो, पण गोळ्या चुकत नाहीत.

हे आकडे वाचून मेडिकलमध्ये जाऊन स्वतःच गोळ्या घेऊ नका. कारण पुढे आहे.

किडनीचं काय?

ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी कमजोर असेल तर औषध अंगात साठत जातं. त्यामुळे माणूस असंबद्ध बोलू शकतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसू शकतात, गुंगी येऊ शकते. घरच्यांना वाटतं, वयामुळे होतंय. शरीरात पाणी कमी असेल तर औषधाचे स्फटिक किडनीत अडकून तिला इजाही होऊ शकते.

नागीण जास्त करून वयस्कर माणसांना होते आणि त्यांच्यातच किडनीचा त्रासही जास्त असतो. म्हणून डोस प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. डॉक्टरांना या गोष्टी आपणहून सांगा:

- किडनीचा आजार, मधुमेह किंवा ब्लड प्रेशर आहे का. क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या.
- सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर किडनीवरचा भार वाढवतात, त्यामुळे त्या मनाने घेऊ नका.
- गर्भवती आहात का, बाळाला अंगावर पाजता का.
- कॅन्सर, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइड्सचे उपचार चालू आहेत का.
- याआधी या औषधाची ॲलर्जी आली होती का.

गोळ्या सुरू झाल्यावर

दिवसभर पुरेसं पाणी प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मोबाइलवर गोळ्यांचे अलार्म लावा. एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. एका वेळी दोन घेऊ नका. फोड सुकले म्हणून कोर्स मध्येच थांबवू नका.

मळमळ आणि डोकेदुखी हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. पण लघवी कमी झाली, बोलण्यात गोंधळ जाणवला, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

नुसतं मलम लावून नागीण आटोक्यात येत नाही, कारण विषाणू मज्जातंतूत असतो. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मलम तर मुळीच लावू नका. फोड स्वच्छ, कोरडे आणि झाकलेले ठेवा. त्यातल्या पाण्यातून, ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत आणि ज्यांनी त्यांची लसही घेतलेली नाही अशांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत गर्भवती आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहा.

कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नजर जाऊ शकते. कानाजवळ फोड येऊन चेहरा वाकडा झाला किंवा ताप येऊन मान आखडली, तरीही थांबू नका.

ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आले तर?

हा विषाणू वेगळा, हर्पिस सिम्प्लेक्स. तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. चुणचुण सुरू होताच गोळी घेतली तर फायदा जास्त होतो. वर्षातून बऱ्याच वेळा त्रास होत असेल, तर डॉक्टर रोज घ्यायचा कमी डोसही देतात. फोड नसतानाही संसर्ग पसरू शकतो. गोळ्या आणि कंडोम यांनी धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

लाजेपोटी अनेक जण डॉक्टरांऐवजी गुगलला विचारतात. पण हा आजार जगभरात कोट्यवधी लोकांना आहे आणि कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. त्वचारोगतज्ज्ञांसाठी हा रोजचा पेशंट आहे.

लस आहे का?

नागिणीची आहे. २०२३ मध्ये शिंग्रिक्स ही लस भारतात आली. पन्नाशीपुढच्यांसाठी तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. ती महाग आहे, पण आई-बाबांच्या पुढच्या चेकअपला हा विषय काढायला हरकत नाही.

आणि आत्याचं काय झालं? तिने दोन दिवस गेरू लावला, दोन दिवस काकांच्या गोळ्या घेतल्या आणि सहाव्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. फोड गेले. बरगडीतली आग मात्र दिवाळीपर्यंत होती. ती लवकर गेली असती तर आग राहिलीच नसती, असं कुणी सांगू शकत नाही. पण "आधी विचारलं असतं तर" हे वाक्य ती अजूनही म्हणते.

त्यामुळे तुमच्या ग्रुपवर असा फोटो आला तर उपाय सुचवण्याआधी एकच प्रश्न विचारा, "पुरळ कधी उठलं?" आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.